नाव राखणारं गाव

शातोनफ-द्यु-पापच्या द्राक्षमळ्यात माती शोधावी लागते. जिकडे पाहावं तिकडे गोल, गुळगुळीत गोटे. काही मुठीएवढे, काही चांगल्या नारळाएवढे. रोन नदीने फार पूर्वी आल्प्सच्या डोंगरांतून वाहून आणलेले हे गारगोटीचे दगड दिवसभर उन्हात तापतात आणि रात्री सावकाश ऊब सोडतात. त्यांच्यामधून बुटकी, पिळवटलेली खोडं वर आलेली असतात. बहुतेक मळ्यांत ना मांडव, ना तारा. दक्षिण फ्रान्समधली सर्वांत नावाजलेली लाल वाइन या खोडांवरच्या द्राक्षांची.

आमच्या कोकणातल्या बुरोंडी गावाच्या सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, पहिल्यांदा आलेला पाहुणा जे विचारतो, तेच तिथेही कुणी विचारेल: इथे काही उगवतं कसं? आमच्याकडे जांभ्याचा कातळ फोडून, प्रसंगी सुरुंग लावून खड्डे केले, दुसरीकडून माती आणून भरली आणि त्यात हापूसची कलमं लावली. दापोली तालुक्यात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण चार महिन्यांत तो सगळा समुद्राला मिळतो आणि मार्च-एप्रिलात सडा तव्यासारखा तापतो. शातोनफला आमच्या पाचव्या हिश्शाएवढाही पाऊस मोठ्या मुश्किलीने मिळतो. आमच्याकडे समुद्रावरून खारा वारा येतो; त्यांच्याकडे उत्तरेकडून ‘मिस्त्राल’ नावाचा थंड, कोरडा, झाडं वाकवणारा वारा दिवसचे दिवस वाहतो. त्या वाऱ्याने ओल टिकत नाही आणि बुरशी धरत नाही, म्हणून तिथला शेतकरी त्याला शिव्या देत देत त्याचे उपकारही मानतो.

ज्याच्या दारात हापूसची बाग आहे, त्याने फ्रान्सचा एखादा वाइन-प्रदेश जाणून घ्यायचा ठरवलं, तर बोर्दो किंवा बरगंडीच्या आधी या गावाकडे वळावं, असं मला वाटतं. बोर्दोचा इतिहास व्यापाऱ्यांचा आणि बंदराचा आहे, बरगंडीचा मठांचा आणि सरदारांचा. शातोनफचा इतिहास फसवल्या गेलेल्या शेतकऱ्यांचा आहे. आपलं नाव दुसऱ्याच्या मालावर विकलं जातंय हे पाहिलेली ही माणसं होती. आणि त्यांनी त्यावर जे केलं, त्यातून पुढे साऱ्या फ्रान्सचा कायदा उभा राहिला.

गावाला हे नाव पोपमुळे मिळालं. १३०९ ते १३७७ या काळात पोपची गादी रोमहून आविन्याँला हलली होती. त्या काळातल्या पोप बाविसाव्या जॉनने आविन्याँपासून जवळच्या या टेकडीवर उन्हाळ्यात राहायला गढी बांधली आणि आसपासच्या द्राक्षमळ्यांना उत्तेजन दिलं. गढीचा आता एक बुरूज आणि भिंत तेवढी उभी आहे. बाकीची गढी त्याआधीच उद्ध्वस्त झाली होती; उरलेल्या बुरुजाचाही अर्धा भाग १९४४ साली माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने उडवला. पोपची गढी असली तरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत गावाचं अधिकृत नाव तिथल्या चुन्याच्या भट्ट्यांवरून पडलेलं होतं. ‘पोपचं’ हे नाव कागदोपत्री लागलं ते १८९३ मध्ये.

त्याआधी मात्र द्राक्षमळेच उरतात की नाही अशी पाळी आली होती. १८६० नंतरच्या काही वर्षांत नदीच्या पलीकडच्या काठावर, प्युजो या गावाच्या परिसरात वेली वाळायला लागल्या. कुणाला कारण कळेना. १८६८ मध्ये माँपेल्येचे वनस्पतिशास्त्रज्ञ झ्यूल-एमिल प्लाँशों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुळं उकरून पाहिली, तेव्हा त्यांवर बारीक पिवळ्या किडी सापडल्या. अमेरिकेतून आलेल्या रोपांबरोबर आलेली ही फिलोक्झेरा. तिने पुढच्या दोन-तीन दशकांत फ्रान्सचे बहुतेक द्राक्षमळे संपवले. शेवटी उपाय सापडला तोही अमेरिकेतच. तिथल्या रानवेलींच्या मुळांना ही कीड मारू शकत नव्हती. त्या खुंटांवर फ्रेंच वेलींची कलमं बांधायला सुरुवात झाली. आज शातोनफची जवळजवळ प्रत्येक वेल कलमी आहे.

कोकणी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. हापूस जन्मालाच कलमाने आला. १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द आल्बुकर्कचं नाव त्याला मिळालं, आणि गोव्यातल्या ख्रिस्ती धर्मगुरूंनी कलमं बांधण्याची कला इथे रुजवली. रायवळ आंब्याच्या खुंटावर हापूसची काडी बांधायची, ही रीत तिथून उत्तरेला सरकत रत्नागिरी, दापोलीपर्यंत आली. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांनीही गेल्या काही दशकांत क्षार आणि पाणीटंचाईला तोंड द्यायला ‘डॉगरिज’ या अमेरिकन खुंटाचा आधार घेतला आहे.

किडीतून सावरलेल्या दक्षिण फ्रान्सला पुढचा मार बसला तो बाजाराचा. वाइन कमी पडत होती त्या वर्षांत व्यापाऱ्यांनी बेदाणे भिजवून, साखर घालून, पाणी मिसळून वाइन बनवायला सुरुवात केली होती. मळे पुन्हा बहरले तरी ही बनावट थांबली नाही. भाव कोसळले. १९०७ च्या मार्चमध्ये आर्जेल्ये या छोट्या गावातून मार्सेलँ आल्बेर नावाचा एक द्राक्षशेतकरी थोड्या माणसांना घेऊन निघाला. जूनपर्यंत माँपेल्येच्या रस्त्यांवर लाखो लोक उतरले होते. नार्बोन शहरात सैन्याने गोळीबार केला, माणसं मेली; बेझ्येच्या सतराव्या पलटणीतल्या, त्याच मुलखातल्या शिपायांनी बंड केलं. सरकारने त्या जूनच्या अखेरीस घाईघाईने कायदा केला, साखर आणि पाण्यावर निर्बंध घातले. बनावट वाइनविरुद्ध एवढं मोठं आंदोलन जगात दुसरीकडे झालेलं मला माहीत नाही.

शातोनफची अडचण यापेक्षा जरा वेगळी होती. त्यांची वाइन गडद, दमदार आणि चढी असायची. बरगंडीचे व्यापारी ती पिंपांनी विकत घ्यायचे आणि आपल्या फिक्या वाइनमध्ये मिसळून तिला बळ द्यायचे. गावाचं नाव त्या बाटलीवर कुठेच नसायचं. आणि जेव्हा शातोनफचं नाव विकायला लागलं, तेव्हा भलतीकडची स्वस्त वाइन त्या नावाने विकली जाऊ लागली. खऱ्या मालाला नाव नाही आणि नावाला खरा माल नाही, असा दुहेरी घाटा.

१९२३ मध्ये गावातले शेतकरी बॅरन पिएर ल रुआ यांच्याकडे गेले. हा माणूस कायदा शिकलेला, पहिल्या महायुद्धात विमान चालवलेला, आणि लग्नामुळे गावातल्या शातो फोर्शिया या मळ्याचा मालक झालेला. तुम्ही आमचा खटला चालवा, नकली माल विकणाऱ्यांना कोर्टात खेचा, अशी शेतकऱ्यांची विनंती. ल रुआ तयार झाले, पण त्यांनी अट घातली: आधी तुम्ही स्वतः शिस्त आणि प्रामाणिकपणा पाळायचा. मग त्यांनी आणि शेतकऱ्यांनी मिळून नियम लिहिले. ते नियम वाचताना मला सगळ्यात जास्त जाणवतं ते हे, की त्यातला प्रत्येक नियम नियम करणाऱ्यांच्याच खिशाला कात्री लावणारा होता.

जिथे लॅव्हेंडर आणि थाइम ही रानझुडपं एकत्र वाढतात, एवढ्याच रुक्ष जमिनीला शातोनफचं नाव लावायचं. नदीकाठची सुपीक, भरपूर पीक देणारी जमीन बाहेर. ठरलेल्या जातींचीच द्राक्षं लावायची, वेल ठरलेल्या पद्धतीनेच छाटायची. तोडणीच्या वेळी द्राक्षं निवडायची आणि पिकाचा किमान पाच टक्के भाग, चांगला दिसला तरी, बाजूला काढायचा. तो या नावाने जाणार नाही. वाइनमध्ये मद्यार्क नैसर्गिकपणे साडेबारा टक्क्यांपर्यंत यायलाच हवा, म्हणजे द्राक्ष वेलीवर पुरतं पिकल्याशिवाय तोडता येणार नाही. या नावाने गुलाबी वाइन बनवायची नाही. पुढे हेक्टरी उत्पादनालाही मर्यादा आली, ३५ हेक्टोलिटर म्हणजे साडेतीन हजार लिटर. फ्रान्समधल्या कडक मर्यादांपैकी ही एक. द्राक्षं आजही हातानेच तोडावी लागतात, यंत्र चालत नाही.

कोर्टकचेऱ्या दहा वर्षं चालल्या. १९३३ मध्ये हद्द आणि नियम न्यायालयाने कायम केले. दोन वर्षांनी, जुलै १९३५ मध्ये, जोझेफ कापू या सिनेटरच्या पुढाकाराने मूळस्थानाच्या नावांसाठी राष्ट्रीय समिती स्थापन झाली. ल रुआ तिच्या संस्थापकांपैकी होते आणि १९४७ पासून १९६७ मध्ये मरेपर्यंत तिचे अध्यक्ष. मे १९३६ मध्ये ज्या पहिल्या मोजक्या प्रदेशांना कायद्याचं संरक्षण मिळालं, त्यात शातोनफ-द्यु-पाप होतं. त्याच्या पुढच्याच वर्षी गावाने आपल्या बाटलीच्या काचेतच पोपचा मुकुट आणि किल्ल्या उठवल्या. कागदाचं लेबल कुणीही छापू शकतो. काचेचा साचा करायला मोठा उपद्व्याप लागतो.

गावात आधी नियम, मग कायदा. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आमच्याकडे तो नेमका उलटा झाला आहे.

भारतात भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ मध्ये झाला आणि सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. ऑक्टोबर २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला मानांकन मिळाल्याची घोषणा झाली. ते मिळवणाऱ्या संस्थांत दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आहे, देवगड आणि रत्नागिरीच्या सहकारी संस्था आहेत आणि आमच्याच तालुक्यातला केळशी परिसर आंबा उत्पादक सहकारी संघ आहे. केळशी बुरोंडीपासून काही फार लांब नाही. आपल्याच तालुक्यातल्या गावाने देशाच्या नोंदवहीत हापूसचं नाव नोंदवलं, याचा अभिमान बुरोंडीतल्या प्रत्येक बागायतदाराला वाटायला हवा.

पण वाशीच्या बाजारात काय चाललं आहे हे प्रत्येकाला ठाऊक आहे. कर्नाटकातला आंबा येतो, मराठी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळला जातो आणि ‘देवगड’, ‘रत्नागिरी’ छापलेल्या पेटीत बसतो. कर्नाटकच्या शेतकऱ्याचा यात दोष नाही. त्याचा आंबा त्याच्या नावाने विकला गेला तर त्यालाही मान मिळेल. दोष पेटी बदलणाऱ्याचा आहे. त्याविरुद्ध देवगडच्या संस्थेने अलीकडे प्रत्येक फळावर क्रमांकाचं स्टिकर चिकटवण्याचा मार्ग धरला. पोपच्या मुकुटाच्या बाटलीमागचा विचार तोच.

तरीही स्टिकर फक्त आंबा कुठला ते सांगतो. तो कसा आहे ते सांगत नाही. हंगामाच्या सुरुवातीला चढा भाव मिळावा म्हणून दहा आण्यांवर, म्हणजे पुरता तयार होण्याआधीच, काढलेला कोवळा आंबाही अस्सल बुरोंडीचाच असतो. तो आढीत घातला की सुरकुततो, पिवळा होतो, पण त्याला वास येत नाही. घेणारा एकदा फसला की पुढच्या वर्षी त्याला देवगड काय, दापोली काय, सगळं सारखं. आणि वाइनच्या मानाने आंब्याचा प्रश्न जास्त अवघड आहे. शातोनफची चांगली बाटली दहा-पंधरा वर्षं टिकते. ती तपासता येते, कोर्टात दाखवता येते. पिकलेला हापूस आठवड्याभरात संपतो. खराब निघालेल्या पेटीचा पुरावाच उरत नाही. म्हणून इथे नियम झाडाखालीच पाळला गेला पाहिजे, झेल्यात फळ पडण्याआधी.

वाइनचं तज्ज्ञपण न मिरवताही या प्रदेशाची चव ओळखायला शिकता येतं. शातोनफला तेरा जाती मिसळायची मुभा आहे, पण बहुतांश मळ्यांत ग्रेनाश ही काळी द्राक्षं असतात. ग्रेनाशची वाइन रंगाने फार गडद नसते. तिला लाल फळांचा, वाळलेल्या रानपाल्याचा वास असतो आणि मद्यार्क चढा, आजकाल चौदा-पंधरा टक्के. तिला रंग आणि मिऱ्यासारखा तिखटपणा द्यायला सिरा, आणि कणा द्यायला मूर्वेद्र. सिरा म्हणजे आपल्या दिंडोरीच्या बागांमध्ये शिराझ म्हणून लावतात तीच. गोटे सगळीकडे नाहीत. गावातला शातो रायास हा मळा मुख्यतः वाळूत आहे आणि त्याची वाइन गावातल्या सर्वांत नाजूक वाइनमध्ये मोजली जाते. दगडांमुळे चव येते असं सांगणाऱ्यांना रायास हे चोख उत्तर आहे. चांगला आंबा फक्त कातळावरच होतो, असं आमच्याकडेही काही जण ठासून सांगतात. खोलगटातल्या मातीतली काही जुनी कलमं त्यांनी एकदा चाखून पाहावीत.

ज्यांना ती प्यायची आहे त्यांनी एक लक्षात ठेवावं. कोकणातल्या बत्तीस अंशांच्या खोलीत ठेवलेली लाल वाइन नुसती जळजळते. पिण्याआधी अर्धा तास शीतपेटीत ठेवली तर तिचा वास उमलतो. ताज्या सुरमईच्या तुकडीबरोबर ती घेऊ नये. लाल वाइनमधल्या लोहामुळे मासळीची चव धातूसारखी कडवट होते. कोंबडी-वडे किंवा मटणाच्या सुक्याबरोबर मात्र ग्रेनाशचं चांगलं जमतं, कारण तिचा तुरटपणा मवाळ असतो आणि मसाल्याशी भांडत नाही.

महाराष्ट्राने हा धडा गिरवायचा प्रयत्न केला आहे. ऐंशीच्या दशकात श्याम चौगुले यांनी नारायणगावला फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फसफसणारी वाइन तयार केली आणि ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशात गेली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस राजीव सामंत यांनी नाशिकला सुला उभी केली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही आहे. पण नाशिकच्या मातीची सही काय, कुठल्या टेकडीवर कुठली जात, हेक्टरी किती पीक घ्यायचं, यावर शेतकऱ्यांनी एकत्र बसून आपल्यावर बंधन घातलं आहे असं दिसत नाही. नाशिकची अडचण समजण्यासारखी आहे: तिथे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन छाटण्या होतात, द्राक्षं उन्हाळ्याच्या तोंडावर तोडली जातात, आणि एवढ्या उष्ण प्रदेशातल्या वाइनचा अनुभव जगातच थोडा आहे. तिथले लोक अजून शिकत आहेत. हापूसला मात्र शिकायला काही शतकं मिळाली आहेत.

मग आमच्यात कमी काय पडतं? माझं मत स्पष्ट आहे: बागेचा मालक बागेत नसतो. बुरोंडी, लाडघर, कोळथरे या पट्ट्यातल्या कितीतरी बागा खंडाने दिलेल्या आहेत. मालक मुंबईत किंवा पुण्यात. मोहर येण्याआधीच बाग करारावर गेलेली. फवारणी कशाची झाली, आंबा किती आण्यांवर उतरला, कुठला माल पेटीत गेला आणि कुठला कॅनिंगला, यातलं त्याला काही दिसत नाही. त्याला मिळते ती पट्टी. शातोनफमध्ये मळ्याचा मालक आपल्या तळघरात वाइन करतो, आपल्या नावाने बाटली भरतो आणि शेजाऱ्याने नियम मोडला तर सगळ्या गावाच्या नावाला बट्टा लागेल हे त्याला पक्कं माहीत असतं. नाव राखायला गावात माणूस लागतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगड पट्ट्यातली कित्येक मोठी कलमं मुळासकट उपटली, तेव्हा नव्याने लावणी करायला उतरले ते इथे राहणारेच.

संशोधनाचा आधार आमच्या हाताशी आहे, तो शातोनफच्या शेतकऱ्यांना १९२३ मध्ये नव्हता. दापोलीच्या विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून ‘रत्ना’ ही जात १९८१ मध्ये दिली, तिच्यात साका, म्हणजे आतला गर बिघडवणारा दोष, नाही. पण ती हापूस नव्हे, आणि ती त्या नावाने विकली जाऊ नये. शातोनफमध्येही यादीबाहेरची द्राक्षं कितीही चांगली असली तरी चालत नाहीत. हापूसमधला साका कमी करायचे साधे मार्गही विद्यापीठाने सांगितले आहेत: आंबा चौदा आण्यांवरच काढावा, झाडाखाली गवताचं आच्छादन करावं म्हणजे तापलेल्या जमिनीची धग फळाला लागत नाही, उतरलेलं फळ उन्हात ठेवू नये. पुरता तयार आंबा पाण्यात बुडतो आणि कोवळा तरंगतो, ही परीक्षा तर कुणालाही घरच्या बादलीत करता येते.

बुरोंडीत परशुरामाचा भव्य पुतळा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे. समुद्र मागे हटवून कोकणची भूमी काढल्याची कथा तिथे येणाऱ्या प्रत्येक पर्यटकाला ऐकवली जाते. त्याच पर्यटकाला मे महिन्यात रस्त्याकडेच्या पेटीतला आंबा कुठल्या बागेतला, कधी उतरवलेला, हे सांगणारं कुणी नसतं.

येत्या हंगामाचा मोहर थंडीबरोबर येईल. त्याआधी बुरोंडी, लाडघर, कोळथरे आणि पंचनदीच्या बागायतदारांनी एका बैठकीला जमावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मानांकनाखाली प्रत्येकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंदणी करावी. चौदा आण्यांच्या आत आंबा उतरवायचा नाही, हे खंडाच्या करारात लिहावं. पडलेलं आणि संशयाचं फळ पेटीत न घालता कॅनिंगला द्यावं. कॅल्शियम कार्बाइडने पिकवणं कायद्याने बंद आहे. त्यात सापडणाऱ्याची पेटी गावाच्या नावाने जाणार नाही हे आधीच ठरवावं. पेटीवर गाव, बाग आणि उतरवल्याची तारीख छापावी. आणि मुंबई-पुण्यात राहणाऱ्या, हा अंक वाचणाऱ्या तुम्हा सगळ्यांना सांगणं एवढंच, की पुढच्या एप्रिलमध्ये पेटी घेताना ‘हापूस आहे का?’ एवढ्यावर थांबू नका. गाव कुठलं, बाग कुणाची आणि आंबा कधी उतरवला, हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर ती पेटी घेऊ नका.